संध्याकाळची बाजू

विठ्ठल राऊतांनी रस्ता वळवला तो सकाळच्या उन्हासाठी. गावात कुणी म्हणे लोभाने वळवला, कुणी म्हणे भाऊबंदकीने. पण चंद्रकांता त्या घरची धाकटी सून होती, तिला खरं कारण ठाऊक होतं. राऊतांच्या घरात सगळ्याची तोंडं उगवतीला. ओटी उगवतीला, देव्हारा उगवतीला, पाणी तापवायची चूलसुद्धा उगवतीला. मावळतीकडे तोंड केलेली वस्तू लाभत नाही, असं विठ्ठलरावांचं, तिच्या मोठ्या दिरांचं, ठाम मत. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. पुढेमागे गाळे काढायचे तर त्यांची तोंडं पूर्वेला हवीत, म्हणजे आपली सगळी जागा, न कापता, रस्त्याच्या पश्चिमेला राहायला हवी, एवढं त्यांनी मनाशी धरलं आणि मग बाकी सगळं त्या हिशेबाने केलं.

नंदाखाल गावच्या केळीच्या वाड्यांमधून नवा रस्ता जाणार ही बातमी नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास आली. विठ्ठलराव आणि चंद्रकांताचा नवरा, ह्या दोघा भावांच्या वाड्यांच्या मधून एक जुनी गाडीवाट होती. तिच्यावरूनच रस्ता जाईल, दोघांची निम्मी निम्मी जागा जाईल, असं सगळे धरून चालले होते. तसं झालं असतं तर चंद्रकांताने तोंडातून शब्द काढला नसता. रस्ता तिलाही हवाच होता. पावसाळ्यात चिखल तुडवत केळीचे घड डोक्यावरून नाक्यापर्यंत नेऊन तिचीही मान मोडली होती.

त्र्याण्णवच्या भाद्रपदात तिचा नवरा, शांताराम, काविळीने गेला. सहाव्या दिवशी ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, तेव्हा वाडीतून ठक ठक आवाज यायला लागला. लाकडावर घण पडावा तसा. दहाव्यापर्यंत तिने उंबरा ओलांडायचा नव्हता. तिने दाराआडून विचारलं, "बाहेर काय चाललंय?"

मोठ्या दिरांशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. राऊतांच्या घरातली रीतच तशी. धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं ते दाराआडून, नाहीतर तिसऱ्याच्या तोंडून. विठ्ठलराव ओटीवरूनच म्हणाले, "काही नाही, मोजणीवाले आलेत. मी आहे ना."

आणि ते होतेच. मोजणीवाल्यांना हद्द दाखवायला तेच होते. ही गाडीवाट म्हणजे आमची घरची वाट आहे, सरकारी नव्हे, हे सांगायला तेच होते. रस्त्याच्या खुंट्या वाटेवरून उचलून पूर्वेला, शांतारामच्या केळीत ठोकून घ्यायलाही तेच होते. हरकत घ्यायला मुदत होती. त्या मुदतीची नोटीस दोन्ही घरांची मिळून त्यांच्या हाती आली आणि त्यांच्याच कपाटात राहिली.

दहावा झाला. चंद्रकांता वाडीत गेली, तर लाल रंग लावलेल्या खुंट्यांची रांग विहिरीच्या अल्याड एक, पल्याड एक अशी उभी. पुढे यथावकाश अकरा गुंठे गेले. रहाटाची विहीर गेली, राजेळी केळीचे सगळे वाफे गेले. उरलं ते घर आणि घरापुढची तीन गुंठ्यांची पट्टी, लुगड्याच्या काठासारखी लांब नि अरुंद, तोंड मावळतीला. दुपारनंतर तिथे इतकं ऊन यायचं की अळूची पानंसुद्धा माना टाकायची.

खुंटीवर तळहात टेकवून ती त्या दिवशी दिरांना उद्देशून स्वतःशीच एवढंच म्हणाली होती, "रस्त्याने माझं नेलंत, तुमचंही रस्त्यानेच जाईल." कसं ते तिला माहीत नव्हतं. नऊ वर्षं माहीत नव्हतं.

रस्ता आखला तेव्हा दक्षिणेला नुसती भातशेतं होती, आणि नकाशावरही भातशेतंच होती. शहाण्णवला डांबर पडलं आणि मागोमाग मातीचे ट्रक आले. खाचरांत भरणी पडली. चार वर्षांत चोवीस इमारतींचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं. परळ-लालबागच्या खोल्या विकून आलेली, कोकणातली, घाटावरची, अशी नोकरदार सहाशे बिऱ्हाडं तिथे राहायला आली, आणि त्या सगळ्यांना बाहेर पडायला रस्ता एकच. सकाळी सव्वासातला बांध फुटावा तसे लोक उत्तरेला निघायचे. नाक्यावर गेलं की विरार स्टेशनचा मोठा रस्ता. तासाभरात सगळं सामसूम. संध्याकाळी साडेसहापासून तोच लोंढा नाक्यावरून उलटा यायचा, तो साडेआठ-नऊपर्यंत संपायचा नाही.

विठ्ठलरावांचे अकरा गाळे नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, पूर्वेला तोंड करून बसले होते. मिठाईवाला, औषधवाला, साड्यांचं दुकान, आणि तिसऱ्या गाळ्यात सिप्रियनची पाव-बिस्किटांची बेकरी. चंद्रकांता समोर आपल्या कुंपणाशी एक फळकुट टाकून अळू, पडवळ, केळी विकायला बसायची. गाड्या डाव्या अंगाने चालायच्या, त्यामुळे घरी परतणारा माणूस तिच्या फळकुटाला घासूनच जायचा. पण दिवे समोरच्या दुकानांत. स्कूटरवाला उजवा हात दाखवायचा, गाडी आडवी घालायचा आणि पलीकडे जायचा. त्याच्यामागे रिक्षा, रिक्षामागे टेम्पो, सगळे भोंगे वाजवत खोळंबलेले. विठ्ठलराव पांढरी टोपी घालून गाळ्यांपुढे खुर्ची टाकून बसायचे आणि हे सगळं डोळे भरून बघायचे. चंद्रकांताही बघायची.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर एका सोमवारी दुपारी एक तरुण इंजिनियर तिच्या कुंपणाशी आला. गळ्यात ओळखपत्र, काखेत घडीची खुर्ची. राहायला आचोळ्याला, नाव जितेंद्र.

"मावशी, इथे खुर्ची टाकली तर चालेल? संध्याकाळपर्यंत."

"टाक. भाजीवर पाय नको देऊस म्हणजे झालं."

तो मांडीवर फळी घेऊन बसला. गाडी गेली की कागदावर एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी.

"काय मोजतोस रे?"

"गाड्या. सरळ जाणाऱ्या इकडे, उजवीकडे वळणाऱ्या इकडे. आज नुसती ट्रायल आहे, खरी मोजणी पुढच्या महिन्यात."

"आणि मोजून?"

"डिव्हायडर येतोय ना मावशी, रस्त्याच्या मधोमध, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात वळायला एकच कट ठेवायचाय. ह्या दुकानांपुढे, नाहीतर खाली कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी. हे समोरचे टोपीवाले काका आहेत ना, त्यांनी वरपर्यंत फिल्डिंग लावलीय, आमच्याच गाळ्यांपुढे पाहिजे म्हणून. होईल बहुतेक त्यांचं काम."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मोजणी आडवी आली नाही तर." बोलायला कुणी मिळाल्याने जितेंद्र खुशीत होता. त्याने पेन्सिलीने उत्तरेकडे दाखवलं. "तो नाका बघा, दीडशे मीटर. इथे उजवीकडे वळणारे थांबले की त्यांच्यामागे रांग लागते. ती रांग वाढत वाढत नाक्याला पोचली, तर इथे कट देता येत नाही. एका रस्त्यापायी नाक्यावरचे सगळे रस्ते तुंबणार ना! त्यात ऑफिसचं काही चालत नाही आणि काकांचंही नाही."

"मग पोचते का नाक्याला?"

"छे! निम्म्यात. त्या शेवग्यापर्यंत."

चंद्रकांताने शेवग्याकडे पाहिलं. "आणि समजा नाहीच मिळाला कट, तर त्या दुकानांचं काय होईल?"

जितेंद्र हसला. "अहो, ती सकाळची बाजू. सकाळी माणूस घड्याळ बघतो, दुकान बघत नाही. तिथे पेपर आणि दूध सोडून काय खपणार? खरेदी होते ती घरी परतताना. संध्याकाळची बाजू तुमची आहे मावशी, तुम्हाला माहीत नाही?"

तिला माहीत नव्हतं. सहा वर्षं ती त्या रस्त्याकडे तोंड करून बसली होती आणि तो तिला आज दिसला. विठ्ठलरावांनी उन्हाकडे बघून बाजू निवडली होती. माणसं कुठल्या वेळी कुठल्या अंगाने चालतील, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"खरी मोजणी कधी म्हणालास?"

"बारा डिसेंबर, गुरुवार. कुणाला बोलू नका हं, साहेब ओरडतात."

"मी कुणाला बोलणार बाबा," चंद्रकांता म्हणाली. "माझ्याशी बोलतं कोण?" आणि तिने त्याला चार केळी दिली.

तिची मुलगी संपदा माणिकपूरला एका ऑफिसात होती. त्या संध्याकाळी ती घरी आली तर आई तांदूळ निवडता निवडता गुणगुणत होती. संपदाने पर्स खाली ठेवली नाही.

"आई, काय झालं?"

चंद्रकांताने सांगितलं. सगळं सांगितलं, कारण हे कुणालातरी सांगितल्याशिवाय तिला घास गेला नसता.

"सोड ना आता," संपदा म्हणाली. "सत्तरी उलटली दादाकाकांची."

"मग? मी काय अजून परकर नेसते?"

"तसं नाही गं. पण त्यांना धडा शिकवशील आणि त्या रांगेतल्या बाकीच्यांचं काय? सिप्रियनकाकांची बेकरी आहे तिथे. बाबा गेले तेव्हा इनेझमावशी दहा दिवस मागच्या दाराने चहा घेऊन येत होती. माझी वेणी कोण घालत होतं?"

चंद्रकांताच्या हाताला लागलेला खडा तांदळातच राहिला. "मला माहितेय ते," ती म्हणाली. "मला नको सांगूस."

संपदाला वाटलं, विषय संपला.

मोजणीच्या आदल्या मंगळवारी चंद्रकांता रस्ता ओलांडून बेकरीत गेली. गल्ल्यावर सिप्रियनची बायको इनेझ होती. सिप्रियन आत भट्टीशी.

"अगो बाई," इनेझ म्हणाली, "मावळतीची बाई उगवतीला कशी? दादा बघतील हां, नजर लागेल दुकानाला."

"लागू दे. ऐकलंस का, परवा संध्याकाळी मोजणीवाले येणारेत म्हणे. इथे वळून किती माणसं येतात ते बघणार."

"कशाला?"

"तो डिव्हायडर घालणारेत ना, त्याच्यासाठी. मला आपली यष्टीची आठवण झाली."

इनेझ खदखदून हसली. तीसेक वर्षांपूर्वी गावाला एसटीचा थांबा हवा होता. किती माणसं आहेत ते बघायला साहेब येणार त्या दिवशी विठ्ठलरावांनी घराघरांतून माणसं काढून वाटेवर उभी केली होती. आजारी म्हातारीलासुद्धा खुर्चीत बसवून आणलं होतं. थांबा मिळाला. तेव्हापासून विठ्ठलरावांचा एक सिद्धांत झाला होता, सरकारला कागद दाखवू नये, माणसं दाखवावीत.

"मला सहावा महिना होता," इनेझ डोळे पुशीत म्हणाली, "तरी उन्हात उभी केली होती मेल्याने. म्हणे, उभी राहा, साहेब दोन मोजेल!"

आतून सिप्रियन म्हणाला, "काय गं, कसली मोजणी?"

"जा, त्याला सांग," चंद्रकांता म्हणाली आणि रस्ता ओलांडून परत आली. ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती. हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

बुधवारी सकाळी गाळ्यांवर कापडी फलक चढला. मार्गशीर्षातला गुरुवार होता, कॉम्प्लेक्समधल्या घराघरांत लक्ष्मीचा घट बसायचा. फलकावर लिहिलं होतं, गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ येणाऱ्या प्रत्येक ताईला पूजेची पाच फळं आणि नारळ, गाळ्यांच्या मालकांतर्फे भेट. रिक्षावाल्यांनाही निरोप गेला होता. नाक्यावरून येणारी सीट गाळ्यांपुढेच उतरवायची, चहा-वडा आपल्याकडे.

गुरुवारी जितेंद्र चार माणसं घेऊन आला. दोन तिच्या कुंपणाशी, दोन नाक्याकडे. साडेसहाला तो आरामात बसला होता. पावणेसातला उठून उभा राहिला.

असा रस्ता चंद्रकांताने कधी पाहिला नव्हता. येईल ती स्कूटर उजवीकडे वळत होती. रिक्षा आडव्या होऊन थांबत होत्या, त्यांतून बायका उतरत होत्या आणि रिकाम्या रिक्षांना मागे जायला जागा नव्हती. समोर कर्ण्यावर आरती लागलेली. विठ्ठलराव खुर्ची सोडून चक्क रस्त्याच्या मधोमध उभे होते. टोपी मागे सरकलेली, दोन्ही हातांनी लोकांना बोलावत होते, "या, या! इकडून या!" रांग शेवग्याला पोचली. शेवगा मागे पडला. पुढे सायकलवाल्याचं दुकान, तेही मागे पडलं. चंद्रकांता उंच होऊन बघत होती. एकेक गाडी रांगेला लागली की तिच्या पोटात गोड कळ उठत होती, जशी पहिल्यांदा संपदाने लाथ मारली तेव्हा उठली होती.

सात वाजून दहा मिनिटांनी नाक्यावर पोलिसाची शिट्टी वाजायला लागली, ती थांबेचना. दोन एसट्या चौकात आडव्या अडकल्या होत्या. नाक्यावरचा माणूस धावत आला आणि त्याने जितेंद्रला हातानेच दाखवलं, नाका भरला.

विठ्ठलरावांनी जितेंद्रला खाली मान घालून लिहिताना पाहिलं आणि ते रस्त्यातूनच ओरडले, "लिहा साहेब, लिहा! एकही सोडू नका!"

"लिहितोय काका," जितेंद्र म्हणाला. "सगळं लिहितोय."

चंद्रकांताने तोंडाला पदर लावला. बघणाऱ्याला वाटलं असेल, धूर लागतोय.

पुढच्या एप्रिलात डिव्हायडर झाला. गुडघ्याएवढा कठडा आणि त्यावर छातीएवढी लोखंडी जाळी, माणसानेही ओलांडू नये म्हणून. कट झाला तो खाली कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी, गाळ्यांपासून चारशे मीटरवर. संध्याकाळी घरी परतणाऱ्याने मिठाई घ्यायची तर आपल्या घराच्या दारापर्यंत जायचं, तिथून वळायचं, पुन्हा उलटं चारशे मीटर यायचं. तसं कोण करतं? पहिल्या आठवड्यात चार-दोघांनी केलं. मग लोक तिच्या फळकुटापुढे थांबायला लागले. तिच्या कुंपणाला लागून फुलवाली बसली, अंडीवाला बसला, पट्टीच्या टोकाला औषधांचं दुकान आलं. ते औषधवाले समोरचेच, गाळा सोडून आलेले. गणपतीच्या आधी मिठाईवाला गेला. दिवाळीला समोर अकरांतले पाच गाळे उघडे होते. संध्याकाळी विठ्ठलराव खुर्ची टाकून बसायचे आणि जाळीतून इकडची गर्दी बघायचे. सकाळी मात्र त्यांच्या अंगणात सुरेख कोवळं ऊन असायचं.

नाताळ झाला आणि बेकरीही बंद झाली.

ते ऐकलं त्या दिवशी चंद्रकांताने फळकुट मांडलंच नाही. ती चालत गेटपर्यंत गेली, कट ओलांडून उलटी आली आणि इनेझच्या मागच्या दारात उभी राहिली. इनेझ रिकाम्या पत्र्याच्या ट्रे धुऊन उन्हात लावत होती.

"माझ्या पट्टीत जागा आहे," चंद्रकांता म्हणाली. "औषधवाल्याच्या शेजारी. सिप्रियनला सांग. भाडं-बिडं काही नको."

"तुझ्या बाजूला नको, चंद्रा."

"का गं?"

इनेझने ट्रे पालथी घातली. "त्या दिवशी तू दुकानात आली होतीस. पाव न घेताच गेलीस. मी तेव्हाच म्हटलं, ही आली कशाला होती? मग डिव्हायडर झाला तेव्हा कळलं." तिने हात पदराला पुसले. "मला सांगायचं होतंस. मी हसत हसत सांगितलं असतं दादांना. त्यांनी काय माझं भलं केलंय? पण मला सांगून केलं असतंस."

चंद्रकांता निघाली. परत येताना गेटपर्यंतचं ते अंतर तिला पहिल्यांदाच लांब वाटलं. पण पश्चात्ताप म्हणावा तसं काही झालं नाही. इनेझचं दुःखही तिने दादांच्याच खात्यावर टाकलं. त्यांनी खुंट्या हलवल्या नसत्या तर हे काहीच झालं नसतं, असं ती स्वतःशी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी फळकुट मांडलं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी, सातच्या सुमाराला, ऐन गर्दीत विठ्ठलराव तिच्याकडे आले. समोरून निघाले ते गेटला वळसा घालून पाऊण-एक किलोमीटर चालत आले होते. धाप लागली होती. हातात कागद. ते अंडीवाल्याच्या रिकाम्या खोक्यावर बसले आणि सवयीने तिच्या घराच्या दाराकडे बघत म्हणाले, "चंद्रकांता आहे का घरात? म्हणावं, दादा आलेत."

"इथेच आहे," चंद्रकांता म्हणाली.

ती पुढे येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता. विठ्ठलराव गडबडले. सून म्हणून आल्यापासून तिचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नसावा.

"हां. ते आपलं... अर्ज केलाय. गाळ्यांपुढे निदान माणसांपुरती जाळी तोडून द्या म्हणून. ऑफिसातले म्हणतात, समोरच्या बाजूच्या जागामालकाची ना-हरकत आणा, मग बघू. समोर म्हणजे तूच. इथे सही कर."

"नाही करणार."

"वाचून बघ. तुझं काही जात नाही त्यात."

"वाचायला नको. हा कट मीच बंद करवलाय दादा."

विठ्ठलरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते हसले. मनापासून हसले, पोर काहीतरी बोलून गेल्यावर हसावं तसे. "तू? तुला काय कळतं गं त्यातलं! तो इंजिनियर चोर होता. कुणीतरी पढवलं त्याला."

विहीर गेली तेव्हा लागलं नव्हतं एवढं हे हसणं तिला लागलं. सव्वा वर्ष ती रोज संध्याकाळी जे चाखत होती, ते ह्या माणसाला ठाऊकच नव्हतं. तो नशिबाला आणि इंजिनियरला शिव्या देत बसला होता.

"गुरुवारी मोजणी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"सिप्रियनने."

"त्याला कुणी?"

"बायकोने. तिला... आता तिला कुणी सांगितलं ते मला काय ठाऊक?"

"यष्टीची आठवणही तिनेच काढली का? हिला सहावा महिना होता, साहेब दोन मोजेल म्हणून उभी केली, असं सिप्रियन हसत हसत सांगत आला असेल."

विठ्ठलरावांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्यामागे आता काही नव्हतं.

"रांग नाक्याला पोचली तर कट मिळत नाही, हे मला दिवाळीपासून माहीत होतं," चंद्रकांता म्हणाली. ती हळू बोलत होती, गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून नव्हे, एकेक शब्द पोचावा म्हणून. "तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही आपली माणसं गोळा केलीत. स्वतःच्या पैशाने फळं वाटलीत, नारळ वाटलेत. रस्त्यात उभं राहून लिहा लिहा म्हणालात. मी इथे उभी राहून बघत होते."

"शांताराम असता तर..." विठ्ठलराव म्हणाले.

"ते असते तर खुंट्या गाडीवाटेवरच राहिल्या असत्या."

विठ्ठलरावांनी कागदाची घडी घातली. ती नीट पडेना, म्हणून पुन्हा उलगडून घातली. ते उठले. त्यांचं घर गाळ्यांना लागून, बरोबर समोर होतं, साठ-सत्तर पावलांवर. ओटीवर दिवा लागलेला दिसत होता. ते सरळ रस्त्यात उतरले. भोंगे वाजले. कसेबसे मधल्या जाळीपर्यंत पोचले आणि दोन्ही हातांनी तिला धरून उभे राहिले, जणू ती हलवून बघणार होते.

"ओ आजोबा, मरायचंय का?" एक स्कूटरवाला ओरडला. "खालून जा ना!"

ते मागे फिरले. पुन्हा चंद्रकांताच्या बाजूच्या कडेला आले आणि तिच्याकडे न बघता कुंपणाच्या कडेकडेने दक्षिणेला, गेटकडे चालायला लागले.

चंद्रकांता बघत उभी राहिली.

"मावशी, अळूची जुडी द्या ना," एक बाई म्हणाली. ऑफिसातून आलेली, हातात डब्याची पिशवी.

"थांब."

पांढरी टोपी गर्दीतून दिसत होती, मधेच नाहीशी होत होती. फुलवालीपाशी ते क्षणभर टेकले. मग पुन्हा निघाले.

"काय हो, माणसं उभी आहेत," मागून कुणीतरी म्हणालं. "द्यायचं नसेल तर सांगा."

टोपी गेटपाशी वळली. आता ते पलीकडच्या बाजूने परत येत होते. तिकडे संध्याकाळी कुणी नसतं, सगळी कडा मोकळी, बंद शटरं. त्या रिकाम्या रस्त्यावर ते एकटेच होते, म्हणून अगदी स्वच्छ दिसत होते. दर पंचवीस-तीस पावलांवर थांबत होते. तिच्यापुढे आता सहा-सातजण खोळंबले होते. एकजण शिवी हासडून निघून गेला, तरी तिने मान वळवली नाही. उद्याही त्यांनी असंच यावं, असं तिला वाटत होतं. परवाही यावं. कागद घेऊन यावं, नाहीतर नुसतं यावं.

विठ्ठलराव पायऱ्या चढले आणि ओटीवर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रस्त्याकडे पाहिलं नाही.

"हं," चंद्रकांता त्या बाईकडे वळून म्हणाली, "किती जुड्या देऊ?"